काहीही झालं तरी पुढे जा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझ्या कारकिर्दीबद्दल कोणी विचारलं तर तारखेनिशी सांगता यावं म्हणून. कोणी विचारणार नाही, असं बायकोचं मत. तिला विचारलं नव्हतं.

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत, पण त्यात त्यांचा दोष नाही. म्हणाले, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट घ्यायचं आपलं सॉफ्टवेअर दर महिन्याला नवं निघतं आणि दर वेळी तुम्ही दोघं टेस्टर आठवडाभर हाताने बटणं दाबत बसता. हे आता बंद. नवीन टूल आणलंय. त्यात तयार कीवर्ड असतात, एकाखाली एक मांडले की टेस्ट आपोआप चालते. प्रोग्रामिंग यायची गरज नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतोय, असं म्हणाले. केवढा हा विश्वास!

सात मार्चला मोठ्या साहेबांसमोर डेमो. जमलं तर मी ऑटोमेशन प्रमुख. नाही जमलं तर काय, ते विचारलं नाही. नकारात्मक विचार करायचा नाही असा संकल्प कालच केलाय.

घरी किरकोळ घटना. सासूबाईंची कवळी तुटली. म्हणजे मी खुर्चीवर बसलो, तेव्हा ती खुर्चीवर होती. कवळी खुर्चीवर ठेवणं ही चूक कोणाची, यावर चर्चा व्हायला हवी होती. थेट निकालच लागला.

४ फेब्रुवारी

सकाळी बायकोने मला ‘अहो’ म्हटलं. एरवी ती मला नावाने हाक मारते. ‘अहो’ आलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मुद्दा असा: नऊ मार्चला मेहुण्याच्या मुलीचं लग्न. सासूबाईंची एकुलती एक नात. तिच्या लग्नाच्या फोटोत मला तोंडभर हसायचंय, असं त्या वर्षभर सांगतायत. माप घेण्यापासून कवळी हातात पडेपर्यंत दहा दिवस लागतात. तेव्हा अपॉइंटमेंट लगेच घ्या, असा हुकूम.

मी हसलो. कोपऱ्यावरच्या ज्या दातांच्या डॉक्टरांनी जुनी कवळी केली, ते आमचंच सॉफ्टवेअर वापरतात. घरचं कार्य! मोबाईलवर उघडून दाखवलं. सासूबाईंचं नाव टाकलं, त्यांचा नंबर टाकला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळीकडे जागाच जागा. बायको म्हणाली, मग दाब की बटण. म्हटलं, घाई कशाला, निवांत वेळ बघून घेऊ, चॉइस आहे आपल्याला.

तोवर सासूबाईंना मऊ जेवण. सगळ्यांनाच मऊ जेवण, असं ठरलं. मला विचारून नाही.

६ फेब्रुवारी

टूल जबरदस्त आहे. कीवर्ड इंग्रजीत आहेत, पण इथे मराठीत लिहितो. ‘पान उघड’. ‘मजकूर भर’. ‘बटण दाब’. ‘वाट पाहा’. ‘दिसतंय का बघ’. बस्स. सांगितलेलं निमूट करतो, उलटून बोलत नाही. मी त्याचं नाव ‘गडी’ ठेवलंय. टेस्ट पास झाली की हिरवा दिवा, नापास झाली की लाल.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं. त्या अजूनही प्रत्येक गोष्ट हाताने तपासतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात ‘हातमाग’ म्हणतो. एकदा तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून त्या मला ‘पॉवरलूम’ म्हणतात, तेही मोठ्याने. कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा सांडत म्हणाल्या, गडी ठीक आहे, पण गड्याच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. जळतात लोक. जळू देत.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गडी चालवला. लाल. पुन्हा चालवला. लाल. दोष गड्याचा नाही. टेस्टिंगसाठी कंपनीने एक खोटा दवाखाना करून ठेवलाय, तो इतका मंद आहे की पान उघडेपर्यंत गड्याची ‘वाट पाहा’ची मुदत संपते. उद्या साहेबांना पहिली झलक दाखवायची आहे. सर्व्हरवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी बघतो. कुठल्या गुरुवारी ते सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी

युरेका! मोबाईलमध्ये कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं पान उघडंच होतं. त्याचा पत्ता उचलला आणि ‘पान उघड’च्या पुढे टाकला. सासूबाईंचं नाव, नंबर मोबाईलमध्ये भरलेलंच होतं, तेही उचललं. खटाखट! पान उघडलं, मजकूर भरला, बटण दाबलं, अपॉइंटमेंट बुक. हिरवा!

खरा दवाखाना आहे हे माहीत आहे मला. एका झलकीपुरतं. उद्या बदलतो. शिवाय टेस्टच्या शेवटी ‘बुकिंग रद्द कर’ आहेच. आलो तसे गेलो, कुणाला पत्ता नाही.

तोच दिवस, दुपारी

‘बुकिंग रद्द कर’ लाल येतंय. रद्द करायला ओटीपी लागतो आणि तो पेशंटच्या फोनवर जातो. पेशंट म्हणजे सासूबाई. साहेब चार वाजता येणार.

तोच दिवस, पाच वाजता

टूलमध्ये एक कीवर्ड सापडला. सगळ्या कीवर्डांचा राजा! ‘काहीही झालं तरी पुढे जा’. तो ज्याच्या आधी लावाल ते फसलं तरी गडी थांबत नाही, आणि दिवा हिरवाच राहतो. ‘बुकिंग रद्द कर’च्या आधी लावला. सगळं हिरवं. साहेब खूश. म्हणाले, दर तासाला चालवा, दिवसरात्र. तशी व्यवस्था केली.

माणसानेसुद्धा हा कीवर्ड स्वतःला लावून घ्यायला हवा. इतकी वर्षं मी उगाच थांबत आलो.

१३ फेब्रुवारी

पत्ता बदलायचा होता, पण गडी छान चाललाय. चालत्या गाडीला खीळ का घाला? उद्या बदलतो.

हातमागने विचारलं, बुकिंग रद्द होतंय ना नीट? मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. हिरवं आहे ना? म्हणाल्या, हिरवं दिसतंय, रद्द होतंय का ते विचारलं. काही लोकांना प्रगती बघवत नाही.

सासूबाईंची तक्रार: फोन सारखा टुणटुण वाजतो. बघितलं. अपॉइंटमेंटचे मेसेज होते. म्हटलं, जाहिराती असतात, लक्ष देऊ नका. आणि फोन सायलेंटवर टाकून दिला. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही आहात म्हणून बरं. कवळी नसल्यामुळे ‘जावईबापू’ हा शब्द त्यांना नीट जमत नाही. फार निराळंच काहीतरी ऐकू येतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बायकोने तिसऱ्यांदा आठवण केली. आज घेऊनच टाकू म्हणून मोबाईल उघडला. हा आठवडा पूर्ण भरलेला! पुढचाही जवळजवळ भरलेला. फक्त सत्तावीस तारखेला दुपारी एक जागा होती. बायको म्हणाली, घे घे. मी चष्मा आणायला आत गेलो. परत आलो तर तीही गेलेली. एका मिनिटात!

हे बायकोने मनाला लावून घेतलं. मी मात्र त्यातलं यश बघितलं. आमच्या सॉफ्टवेअरमुळे एका साध्या गल्लीतल्या डॉक्टरला श्वास घ्यायला फुरसत नाही. साहेबांना हे उदाहरण सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी

बायको म्हणाली, शाळेतून येताना त्या दवाखान्यावरूनच येते मी. आत चिटपाखरू नसतं. डॉक्टर स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी समजावलं, ती वेळ मधल्या सुट्टीची असणार. आणि खरे पेशंट बाहेर दिसत नसतात, आतल्या खोलीत असतात. ती गणित शिकवते. पुराव्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही तिची जुनी खोड.

सरळ जाऊन भेटू का, असं तिने विचारलं. मी साफ नाही म्हटलं. ‘अपॉइंटमेंटशिवाय भेटणार नाही’ ही पाटी आमच्याच कंपनीने तिथे लावून घेतली आहे. मीच ती मोडली तर कंपनीची काय अब्रू राहिली?

संकल्प: रोज सकाळी चालायला जायचं. उद्यापासून.

२० फेब्रुवारी

पाऊल उचललं होतं. ढगाळ वाटलं.

गडी एकदा लाल झाला. कारण: मार्चच्या सुरुवातीपर्यंत दवाखान्यात जागाच शिल्लक नाही, म्हणून त्याला बुकिंग करता येईना. ‘पुढचा आठवडा दाब’ हा कीवर्ड लावून दिला, जागा मिळेपर्यंत. आता तो आपला आपण पुढे पुढे जातो. हातमागला असं काही सुचलं असतं का? त्यांनी आज हाताने तपासून तीन दोष काढले. तीन! गड्याने एकही काढला नाही. यावरून कोणाचं काम स्वच्छ, ते कळतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मदत कक्षातून मेल. एका दातांच्या डॉक्टरची तक्रार: एकच बाई सारख्या अपॉइंटमेंट घेते आणि एकदाही येत नाही. फोन केला तर उचलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही दोष आहे का?

मी उत्तर दिलं: सॉफ्टवेअर पूर्ण तपासलेलं आहे, सर्व टेस्ट हिरव्या आहेत, ही युजरची चूक आहे. बाईंना समज द्यावी.

असतात अशा विक्षिप्त बायका. त्यांच्यामुळे माझ्या सासूबाईंसारख्या गरजू माणसांना जागा मिळत नाही. हे घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मेली कोण आहे ती, तिचे दात पडोत. कवळी नव्हती तरी हे वाक्य मात्र स्पष्ट आलं.

२६ फेब्रुवारी

बायकोला माझ्यावर भरवसा नाही म्हणून आज मीच सासूबाईंच्या नंबरने लॉगिन करून प्रयत्न केला. लग्नाआधी एकही जागा नाही. पण ‘माझ्या अपॉइंटमेंट’ या बटणावर लाल गोलात ‘९९+’ असं दिसलं. टेस्टरची नजर! सासूबाईंची एकही अपॉइंटमेंट नसताना नव्याण्णव? उघड उघड दोष आहे. लगेच नोंद करून डेव्हलपरला पाठवला.

तो आकडा उघडून का बघितला नाहीस, असं बायको म्हणाली. दोष नोंदवणं माझं काम, त्यात शिरणं डेव्हलपरचं.

२७ फेब्रुवारी

डेव्हलपरचं उत्तर: दोष नाही. आकडा बरोबर आहे.

एवढंच. उद्धट. याच्या वरिष्ठांशी बोलणार आहे. डेमो झाल्यावर.

आज सत्तावीस. ती दुपारची जागा आज होती. बायकोने जेवताना दोनदा घड्याळाकडे बघितलं. मी माझ्या वाटीकडे बघितलं. उकडलेला बटाटा होता. कालचाही तोच होता.

२ मार्च, रविवार

सासूबाईंनी लग्नासाठी नवं पातळ आणलंय. आरशासमोर उभ्या राहून तोंड मिटून हसण्याचा सराव करत होत्या. मला बघून थांबल्या. म्हणाल्या, असं बरं दिसतं ना? म्हटलं, भारदस्त दिसतं. त्या पुन्हा आरशाकडे वळल्या.

मला जरा कसंतरीच झालं. दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं का, असा विचार आला. पण तिथे आमचं सॉफ्टवेअर नाही. आणि तसंही उद्या कोणीतरी रद्द करेलच की एखादी. माणसं रद्द करतातच.

गड्याच्या टेस्टमध्येही शेवटी ‘बुकिंग रद्द कर’ आहे, हे अचानक आठवलं. का आठवलं कोण जाणे. झोप लागली.

५ मार्च

आज पत्ता बदलणार होतो. खोट्या दवाखान्याचा सर्व्हर दुरुस्त झालाय म्हणे. पण डेमो परवावर आलेला. आता हात लावणं म्हणजे विषाची परीक्षा. डेमोनंतर नक्की.

बायकोने जाहीर केलं: शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी आईला घेऊन सरळ दवाखान्यात जाऊन बसणार. पाटी असो नाहीतर काही असो. मी म्हटलं, तिथे रांग असेल, तुमचा अपमान होईल. ती म्हणाली, रांग दिसली तर फोटो काढून पाठवते.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी

डेमोचा दिवस. इस्त्रीचा शर्ट. भाषण तयार आहे: ‘हाताकडून मेंदूकडे’. शेवटी हातमागचेही आभार मानणार आहे. मोठं मन ठेवायचं.

७ मार्च, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

मोठे साहेब, आमचे साहेब, विक्री विभागाच्या बाई, हातमाग, सगळे हजर. भिंतीवर मोठा पडदा. महिनाभराचे हिरवे दिवे दाखवले. टाळ्या. मोठे साहेब म्हणाले, एकदा आमच्यासमोर चालवून दाखवा. चालवलं. पडद्यावर पान उघडलं. आपोआप मजकूर भरला जाऊ लागला. माझ्या सासूबाईंचं नाव दोन हात उंच अक्षरांत उमटलं. बटण दाबलं गेलं. बुक! हिरवा! पुन्हा टाळ्या.

विक्रीच्या बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. म्हणाल्या, हे नाव मला पाठ आहे. या बाईमुळेच डॉक्टरांनी काल आपलं सॉफ्टवेअर बंद करण्याची नोटीस दिली. पंधरा दिवसांपासून त्यांच्याकडे खरा पेशंट येऊ शकलेला नाही, सगळ्या वेळा या एकाच बाईने अडवून ठेवल्यात. मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, हा खरा दवाखाना आहे का?

मी म्हटलं, रद्द होतं ना शेवटी. हिरवं आहे.

हातमाग उठल्या. माझ्या टेबलाशी आल्या, ‘काहीही झालं तरी पुढे जा’ एवढी ओळ पुसली आणि पुन्हा चालवलं. लाल. पडदाभर लाल. त्या जागेवर जाऊन बसल्या.  ‘पॉवरलूम’ म्हणाल्या असत्या तरी बरं झालं असतं.

मदत कक्षाला मी पाठवलेलं उत्तर मोठ्या साहेबांनी स्वतः मोठ्याने वाचलं. ‘बाईंना समज द्यावी’ इथे ते थोडे थांबले.

तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. फोटो. रिकामा दवाखाना. रिकाम्या खुर्च्या.

७ मार्च, घरी

बायको सासूबाईंचा फोन समोर ठेवून बसली होती. सगळे मेसेज तिने वाचले होते. दवाखान्यात सासूबाईंनी नाव सांगितल्यावर डॉक्टर पेपर टाकून उभेच राहिले म्हणे. म्हणाले, तुम्हीच का त्या? या, या, आजच्या सगळ्या वेळा तुमच्याच आहेत.

म्हणजे सतरा तारखेला मी चष्मा आणायला आत गेलो, तेव्हा सत्तावीसची ती जागा गड्याने घेतली होती. सासूबाईंच्याच नावाने. सत्तावीसला दुपारी डॉक्टर सासूबाईंची वाट बघत बसले होते. अठ्ठावीसलाही. रोजच. महिनाभरात कुठल्याही दिवशी त्या नुसत्या चालत गेल्या असत्या, तरी त्यांची अपॉइंटमेंट होती.

डॉक्टरांनी माप घेतलं. कवळीला दहा दिवस. लग्न परवा.

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर अपॉइंटमेंट मी घेऊन दिली होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. आज तिने ‘अहो’सुद्धा म्हटलं नाही.

९ मार्च, रविवार

लग्न छान झालं. फोटोच्या वेळी सासूबाई मधल्या खुर्चीवर. तोंडापुढे रुमाल. नात वाकून म्हणाली, आजी, हस ना गं, माझ्यासाठी. त्यांनी मान हलवली. फोटोग्राफरनेही दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी रुमाल काढला, पण ओठ घट्ट मिटून बसल्या. आरशासमोर सराव केला होता तश्शाच.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं म्हणून गेलो. म्हणाल्या, जावईबापू, जरा बघून बसा, त्या खुर्चीवर माझा चष्मा आहे.

बसलो नाही. रात्री लक्षात आलं, की महिन्याभरात पहिल्यांदाच मी काहीतरी करण्याआधी तपासून बघितलं. यातून पुढे चांगलं काहीतरी होईल.

१० मार्च, सोमवार

निकाल. ऑटोमेशन प्रमुख: हातमाग. गडी त्यांच्याकडे. त्यांनी पहिल्याच तासात त्याला खोट्या दवाखान्यावर नेलं आणि माझा लाडका कीवर्ड सगळीकडून काढून टाकला. गडी दिवसभर लाल. मला आतून बरं वाटलं. सायंकाळपर्यंत त्याने खरे सहा दोष पकडले. मग बरं वाटेनासं झालं.

मला खास जबाबदारी दिली आहे. महिनाअखेरपर्यंत सगळी खोटी बुकिंग साफ झाली तर डॉक्टर नोटीस मागे घेणार. सहाशेच्या वर आहेत. म्हटलं, डेव्हलपर मागून एका झटक्यात पुसून टाकेल. साहेब म्हणाले, चालत्या दवाखान्याच्या माहितीत मागून कोणी हात घालायचा नाही. समोरून, एकेक, हाताने. आणि ओटीपी सासूबाईंच्या फोनवर येतो, तेव्हा घरूनच करा. ऑफिसला यायची गरज नाही.

घरून काम! हे पद सगळ्यांना मिळत नाही. बायकोला असं सांगितलं. ती वह्या तपासत होती. एका वहीवर जरा जोरात लाल रेघ ओढली.

१२ मार्च

रीत बसली. पान उघड. नाव भर. ‘रद्द करा’ दाब. वाट पाहा.

वाट पाहा म्हणजे: सासूबाई फोन शोधतात. मग चष्मा शोधतात. चष्मा पुसतात. मेसेज उघडतात. आधी भलताच उघडतात, तो पूर्ण वाचतात. मग ओटीपीचे सहा आकडे एकेक करून सांगतात. चौथ्या आकड्याला विचारतात, टिपलंत ना? पाचव्याला ओटीपीची मुदत संपते. पुन्हा प्रयत्न करा.

फोन माझ्याकडे द्या, असं सुचवून बघितलं. म्हणाल्या, नको बाई, तुमच्या हातात गेला की तो मुका होतो.

१८ मार्च

नवी कवळी आली. सासूबाई हसल्या. अख्ख्या तोंडाने. मग प्रत्येक ओटीपीला हसायला लागल्या. लग्नाच्या फोटोतलं राहिलेलं सगळं हसू त्या हप्त्याहप्त्याने माझ्याकडून वसूल करणार, असं दिसतंय. ‘जावईबापू’ हा शब्द आता स्वच्छ येतो. आधी मला निराळं ऐकू यायचं ते कवळी नसल्यामुळे नव्हतं, अशी एक शंका आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आज मात्र झपाटा लावला. पहाटेपासून बसलो. वेगासाठी सासूबाईंना आकडे जोडीने सांगायला शिकवलं. उद्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या सगळ्या अपॉइंटमेंट साफ! मोकळ्या झालेल्या वेळा हां हां म्हणता खऱ्या पेशंटांनी भरल्या. डॉक्टरांचा फोन आला, दवाखान्यात उभं राहायला जागा नाही म्हणाले. मोठ्या साहेबांना मेल टाकला. शेवटी लिहिलं: सर्व काम हाताने, स्वतः, जातीने तपासून.

चार वाजता सासूबाई चहा घेऊन आल्या. स्वतःहून. महिन्याभरात पहिल्यांदा. समोर बसल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, कवळी डाव्या बाजूला टोचतेय, जेवताना जीव जातो. डॉक्टर म्हणाले होते, टोचली तर लगेच या, घासून देतो. तर उद्या साडेदहाची माझी एक आहे ना, तेवढी ठेवा हं. बाकीच्या खुशाल पुसा.

उद्या साडेदहाची मी सकाळी सगळ्यात आधी पुसली होती.

लगेच उघडून बघितलं. तिथे कुणाचं तरी नाव होतं. खऱ्या माणसाचं. परवा नाही, सोमवारी नाही, एप्रिलमध्ये कुठेच नाही. सासूबाईंच्या नावावर आता पहिली अपॉइंटमेंट आहे ती पाच मेची.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. समोर बसून चष्मा पुसतायत. पुढचा ओटीपी कधी येतोय, असं विचारतायत. गालाला हात लावून, जमेल तेवढं हसत.